घेतला वसा टाकायचा कसा?

पानसुपारी

मंडळी, हा धागा तक्रारीचा आहे की मदत मागायचा हे मलाच अजून कळलेलं नाही, लिहिता लिहिता कळेल असं धरून चालते.

तर वय ४४, नोकरी बँकेत, घरात नवरा, नववीतली मुलगी आणि सासूबाई. गेल्या दिवाळीत पाडव्याला मला काय सुचलं देव जाणे, मी चार संकल्प एकदम सोडले. सोडले म्हणजे पळीने पाणी सोडून करतात तसे, सोडून दिले तसे नव्हे (तीच तर अडचण आहे). वर्षभरात ५२ वेळा सिंहगड, रोज क्रोशाचा एक चौकोन, रोज मोडीचं एक पान आणि रोज ४० मिनिटं पेटी. पेटीच्या प्रवेशिका पूर्णपर्यंतच्या परीक्षा लहानपणी झाल्यात, मग दहावी आली आणि पेटी माळ्यावर गेली ती गेलीच, २८ वर्षांनी खाली काढली तर भात्याला भोक.

चौकोनांचा हिशोब तर मी एक्सेलमध्ये केला होता, हसू नका. चार इंचाचा एक चौकोन, १९ गुणिले १९ म्हणजे ३६१, झाली ७६ इंचाची डबलबेडवरची गोधडी, उरलेल्या चारांचे चहाच्या कपाखाली ठेवायला होतील. इतका व्यवस्थित हिशोब मी गृहकर्ज घेतानाही केला नव्हता.

आता आषाढ लागलाय. सिंहगड २९ वर अडकलाय, खरं तर ३६ व्हायला हवे होते. चौकोन रोजच्या रोज झालेच नाहीत, मार्चएंडला तर तीन आठवडे सुईला हात नाही, त्यामुळे शनिवारी बसून एकदम सात-आठ पाडते. मोडीचं पान बँकेतल्या जेवणाच्या सुट्टीत. आणि मागच्या रविवारी काय झालं, सकाळी पावसात गड, येऊन सासूबाईंच्या माहेरचे लोक जेवायला, संध्याकाळी मुलीला शूज घ्यायचे होते, आणि रात्री ११:४० ला मी पलंगाच्या कडेवर मोबाईलचा टॉर्च दातात धरून चौकोन विणतेय. चार साखळ्यांची रिंग, तीन तीन खांबांचे गट, डोळ्यावर झापड, आणि तिसऱ्या फेरीत लक्षात आलं की खांबाऐवजी सगळीकडे मुके खांबच घातलेत. उसवलं सगळं. तर मुलगी पाणी प्यायला उठली होती, दारात उभी राहून म्हणाली, "आई, हे तुला कोणी होमवर्क दिलंय का?"

तिथपासून डोक्यात भुंगा. हे छंद होते ना? मग मला ते संपल्यावर सुटल्यासारखं का वाटतं? तुम्ही लोक कसं करता?

तिखटमीठ

अगदी अगदी!! टॉर्च दातात, हे वाचून जोरात हसले आणि मग गप्प झाले कारण मीही तेच केलंय.

माझं इंकटोबर. ऑक्टोबरभर रोज एक शाईचं चित्र, ३१ दिवस ३१ चित्रं. आता हे ज्या कुणी काढलंय त्याला ऑक्टोबरात चकल्या पाडाव्या लागत नसणार. २०२२ ला लक्ष्मीपूजन होतं २४ ऑक्टोबरला. म्हणजे २० पासून घरात भाजणी, अनारशांचं पीठ, साफसफाई. २२ तारखेला मी एका हाताने चकल्या तळतेय आणि दुसऱ्या हाताने ओट्यावर कागद ठेवून त्या दिवसाचं चित्र, तेलाचा थेंब उडाला बरोबर शाईवर. त्या डागाचा मी ढग केला आणि फोटो टाकला. सगळ्यात जास्त लाईक त्यालाच आले. पण खरं सांगते, ते चित्र काढताना मला काहीही मजा आली नव्हती. आणि चकल्या पण मऊ पडल्या.

अर्धाकप

मी जिमची वर्षाची फी भरून अकरा दिवस जाणाऱ्यांपैकी आहे, त्यामुळे या चर्चेत मला अधिकार नाही. वाचनखूण साठवून पॉपकॉर्न घेऊन बसतो. हलके घ्या.

घाटचढ्या

पानसुपारी ताई, तुमचा गोंधळ असा आहे की तुमच्या चारपैकी एकालाही शेवटची लाईन नाही, ५२ आणि ३६१ हे आकडे आहेत पण चुकलं तर काय याचा नियमच नाही.

मी नाशिकचा, सायकलवर बीआरएम म्हणजे लांब पल्ल्याच्या राइड्स करतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही शर्यत नसते, नंबर काढत नाहीत, फक्त वेळेत पूर्ण करायचं. २०० किमीला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०. चारही एका सीझनमध्ये म्हणजे नोव्हेंबर ते ऑक्टोबर केल्या की तुम्ही सुपर रँडोनर, एसआर. मध्ये मध्ये कंट्रोल म्हणजे तपासणीचे थांबे असतात, तिथे ब्रेव्हे कार्डवर नोंद. पंक्चर झालं, वारा समोरून आला, कसारा घाटात उलट्या झाल्या, घड्याळ थांबत नाही. कडक वाटतं ना? पण त्याचीच गंमत आहे. वेळ संपली की कार्ड बंद. डीएनएफ, म्हणजे पूर्ण झालं नाही. घरी जा, वरण भात खा, झोपा. कोणी विचारत नाही.

मागच्या वर्षी माझी ४०० गेली. पहाटे तीनला एका बसस्टॉपवर गुडघा धरून बसलो होतो, बाजूला एक कुत्रं, त्याला अर्धा पारले दिला अर्धा मी खाल्ला. २७० झाले होते. टेम्पो थांबवला, सायकल वर टाकली. टेम्पोवाल्याने विचारलं किती पैसे मिळतात हे केल्यावर. म्हटलं आपणच भरतो. तो इगतपुरी येईपर्यंत बोलला नाही.

पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसचं स्वप्न आहे, १२०० किमी, ९० तास, चार वर्षांतून एकदाच असते, पुढची २०२७ ला. बघू गुडघा काय म्हणतो. पण सीझन संपला की मी दोन महिने सायकलला हातही लावत नाही आणि त्याचं मला काहीही वाटत नाही.

पानसुपारी

@घाटचढ्या, "कार्ड बंद" हे फार आवडलं. माझं कार्ड कधीच बंद होत नाही, माझा बॅकलॉग पुढच्या सेमिस्टरला जातो, इंजिनीअरिंगसारखा.

काकडवात

पहिल्यांदाच एवढं लांब टंकतेय, सांभाळून घ्या.

वर शेवटच्या लाईनचं निघालं म्हणून. आपल्याकडे याला नेम म्हणायचे, आणि आता एकादशी आलीच आहे, चातुर्मासाचे नेम धरायचा हाच दिवस. माझ्या आजीने (आईची आई, वाईजवळचं गाव) लाख वातींचा नेम धरला होता. लाख म्हणजे खरोखर एक लाख. चार महिन्यांत करायच्या तर रोजच्या आठशे तेहतीस येतात, हे मी आत्ता कॅल्क्युलेटरवर काढलं, तिला हे गणित कसं जमलं माहीत नाही कारण ती दुसरी शिकलेली. दुपारी जेवणं आवरली की पडवीत बसायची, सरकी काढलेला कापूस, वाटीत दोन थेंब दूध, बोट बुडवायचं आणि मांडीवर वळायची. शंभर झाल्या की एक चिंचोका डावीकडून उजवीकडे. मला चिंचोके हलवायचं काम होतं आणि मी मध्येच दोन हलवायचे, तिला कळायचं, ती काही न बोलता एक परत ठेवायची.

आता मुद्द्याचं. नेम मोडायचे नियम त्या नेमातच होते. ताप आला, सोयर आलं, सुतक आलं, तर ते दिवस धरायचेच नाहीत, पुढे ढकलायचे. फारच मागे पडलं तर शेजारची काकू ओंजळभर वाती वळून द्यायची आणि ते चालायचं. चार महिन्यांत नाही झालं तर पुढच्या चातुर्मासात. आजीला तीन चातुर्मास लागले. आणि मग उद्यापन केलं, मेहूण जेवायला घातलं, चांदीची छोटी निरांजनं दिली, पुरणपोळी, आम्ही सगळी नातवंडं गेलो होतो.

आणि या सगळ्यातली माझी आवडती गोष्ट पुढेच आहे. उद्यापनानंतर आजीने आयुष्यात पुन्हा एक वात वळली नाही. दुकानातून विकत आणायची! पुडीतल्या! आईने एकदा विचारलं तर म्हणाली, झाल्या की माझ्या.

पानसुपारी, तुझ्या चौकोनांचं उद्यापन कुठाय गं?

अर्धाकप

"झाल्या की माझ्या." पॉपकॉर्न खाली ठेवला.

शंकासुर

आजीची गोष्ट गोड आहे पण मला नेहमीप्रमाणे मिठाचा खडा टाकायचाय. या नेमांचं इतकं कौतुक करताना एक विसरतो आपण, की त्या बायकांना निवड किती होती? सोळा सोमवार, मंगळागौर पाच वर्षं, हे छंद नव्हते, अपेक्षा होत्या. "उतू नको मातू नको घेतला वसा टाकू नको" हे कहाण्यांमधलं वाक्य बघा, टाकलास तर काय होईल याची भीती त्यातच आहे, सत्यनारायणाच्या कथेतही प्रसाद नाकारला की राज्य जातं. पानसुपारींच्या डोक्यातला भुंगा तोच आहे, फक्त आता त्याला ॲप आहे आणि ॲपमध्ये स्ट्रीक आहे.

बाकी ते "२१ दिवसांत सवय लागते" वगैरे पण कुणी आणू नका इथे. ते १९६० साली एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनने पेशंट्सकडे बघून लिहिलेलं निरीक्षण होतं, नवीन नाकाची सवय व्हायला लागणारा वेळ. नंतर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ९६ जणांवर नीट अभ्यास झाला, २०१० ला छापून आला, त्यात सरासरी ६६ दिवस निघाले आणि माणसामाणसात फरक १८ ते २५४ दिवसांचा. आणि त्यातलंच एक कुणी सांगत नाही, मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात विशेष फरक पडत नव्हता. तेव्हा टॉर्च दातातून काढा.

काकडवात

@शंकासुर, निवडीचं म्हणाल तर मान्य. पण आमच्या आजीच्या घरात एकोणीस माणसं होती आणि दिवसभर तिला कुणी ना कुणी हाक मारायचं. वाती वळताना मात्र कोणी हाक मारायचं नाही, आजोबासुद्धा पाणी स्वतः घ्यायचे. मला आता वाटतं की ती तीन वर्षं पुरवून पुरवून वापरत होती तो नेम. लवकर संपवायचाच नव्हता कदाचित. विचारायला ती नाही आता.

आणि तुमचा एक दिवस चुकल्याचा अभ्यास आजीला आधीच माहीत होता, फक्त ९६ माणसं नव्हती, एकच होती.

शंकासुर

बरं, हा पॉइंट तुमचा.

मिशिगनमामी

इकडे जानेवारीत बाहेर उणे पंधरा असताना मी रात्री पावणेबाराला डायनिंग टेबलाभोवती फेऱ्या मारलेल्या आहेत, दहा हजार पावलं पूर्ण करायला. सहाशे कमी होती. नवरा वरून ओरडला की खाली कोण आहे, त्याला वाटलं रॅकून शिरला.

शंकासुर

मामी, दहा हजाराचं ऐकाच मग. टोकियो ऑलिंपिकनंतर १९६५ ला जपानात पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, नाव मानपो-केई, म्हणजे दहा-हजार-पावलं-मापक. आकडा यंत्राच्या नावातून आला, डॉक्टरांकडून नव्हे.

मिशिगनमामी

म्हणजे मी सहा वर्षं एका जाहिरातीसाठी टेबलाभोवती फिरतेय??

बालाघाट

मी बीड जिल्ह्यातला, आमच्या गावात दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताह असतो. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, रात्री तीनला पण कुणीतरी ती गळ्यात घालून उभाच पाहिजे. लहानपणी मला वाटायचं एकच माणूस सात दिवस उभा राहतो, बापरे. नंतर कळलं की पहारे असतात, भिंतीवर कागद लावलेला असतो, दोन ते चार अमुक, चार ते सहा तमुक. पहिल्यांदा माझं नाव त्यात आलं तेव्हा मी नववीत होतो, रात्री दोन ते चार, झोप एवढी की वीणा खांबावर टेकवली आणि तसाच उभ्याने पेंगलो, चुलत्यांनी मागून येऊन खांद्यावर हात ठेवला, वीणा आपल्या गळ्यात घेतली आणि म्हणाले जा झोप. अखंडच राहिलं ना? वीणा कुठं खाली ठेवली.

हे सांगायचं कारण की आता मी आणि माझा मित्र (तो हैदराबादला) रोज एक पान इंग्रजी वाचून त्याचं मराठी करतो, पण रोज दोघांनी नाही. सोम बुध शुक्र तो, मंगळ गुरू शनि मी. रविवारी ज्याला हौस असेल तो. दीड वर्ष झालं, एक दिवस पडलेला नाही, आणि मी अर्धेच केलेत. ताई, चौकोनांचा पहारा वाटून घ्या की कुणासोबत.

तिखटमीठ

अरे हे भारी आहे. पानसुपारी, मला क्रोशे येतं, ५० चौकोन मी देते विणून, लोकर रंग सांग फक्त.

जुनापाट

मी ६८ वर्षांचा, निवृत्त. वीस वर्षं बासरी वाजवतोय आणि वीस वर्षं वाईट वाजवतोय. ध्येय ठेवलं नाही, परीक्षा दिली नाही, भूप आणि दुर्गा सोडून पुढे गेलो नाही. शेजारी खिडकी लावतात. मजा येते. एवढंच.

नीरफणस

जुनापाट काका, तुमच्याबद्दल आदर आहे पण सगळ्यांना असं जमत नाही. मला आकडा लागतो. आई गेली त्यानंतर चार महिने मी उठायचेच नाही. म्हणजे ऑफिस, स्वयंपाक सगळं व्हायचं पण उठायचे नाही. मग रथसप्तमीला सोसायटीत १०८ सूर्यनमस्कारांचं ठेवलं होतं, मैत्रिणीने ओढून नेलं, माझे २४ झाले आणि मी सतरंजीवरच रडत बसले. दुसऱ्या दिवशी १२ घातले. मग रोज १२. वहीत रेघा मारायचे, चार उभ्या एक आडवी. तेव्हा मला आनंद वगैरे काही नको होता, मला फक्त उद्या मारायला एक रेघ हवी होती. पुढच्या रथसप्तमीला १०८ झाले, दोन तास लागले. ती वही अजून आहे, सूर्यनमस्कार आता आठवड्यातून दोनदा, तेही मनात आलं तर.

म्हणून पानसुपारी, आकडे वाईट नाहीत गं. कुठला आकडा आता लागत नाही ते बघ फक्त.

जुनापाट

बरोबर आहे तुझं, बाळा.

पानसुपारी

दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण विचार करत होते, आणि अर्थात कारण गुरुवारी ऑडिट होतं.

नीरफणस, तुझं वाचून एक्सेल उघडलं आणि चारही रकान्यांकडे नुसती बघत बसले. सिंहगड मी का धरला होता? डॉक्टरांनी साखर बॉर्डरवर आहे म्हणून सांगितलं होतं, घाबरून धरला. साखर मार्चमध्येच खाली आली. आतकरवाडीची ती साडेपाचशे-सहाशे मीटरची चढण पहिल्यांदा मला एक तास पन्नास मिनिटं लागली होती, आता सव्वा तासात पुणे दरवाजा गाठते. झालं की माझं! २३ वेळा परत जाऊन मी काय सिद्ध करणार आहे?

तर ठरलं. तिसावा सिंहगड हा शेवटचा आणि तेच उद्यापन. सासूबाईंना गाडीने वर नेणार (त्या १९८४ नंतर गेल्याच नाहीयेत), मी आणि लेक चालत, आणि वर पिठलं भाकरी, वांग्याचं भरीत, मडक्यातलं दही. काकडवात, मेहूण म्हणून तू आणि तुझे अहो येताय का पुण्याला? खरंच विचारतेय.

चौकोन तिखटमीठबरोबर पहाऱ्यावर, विपु (विचारपूस) करते तुला, रंग मोरपंखी आणि हळदी. पेटी ४० वरून १५ मिनिटं, पण भाता दुरुस्त करून आणलाय त्यामुळे आता ती १५ मिनिटं सुरात तरी असतील. मोडी तेवढी तशीच ठेवतेय. त्याचं कारण नंतर कधीतरी.

घाटचढ्या

कार्डवर सही केली. पूर्ण.

अर्धाकप

मी पण उद्यापन करणार आहे जिमचं, अकराव्या दिवसाचं, सहा वर्षं पेंडिंग आहे. जेवायला कोण कोण येतंय?

मिशिगनमामी

धागा वर काढतेय. काल ७,२०० वर थांबले आणि झोपले. रॅकून शांत.

पानसुपारी

धागा पुन्हा वर. सिंहगड झाला, सासूबाईंनी तीन मडकी दही खाल्लं आणि १९८४ ला कसं एवढं महाग नव्हतं हे उतरताना पूर्ण घाटभर सांगितलं. काकडवात आणि अहो खरंच आले होते, येताना वातींची पुडी घेऊन आली, विकतची.

मोडीचं कारण सांगायचं राहिलं होतं. वडिलांच्या ट्रंकेत पणजोबांचा एक कागद आहे, घडीवर फाटलेला. लहानपणापासून घरात समज असा की ती कोकणातल्या जमिनीची सनद आहे आणि ती कुणी वाचली तर आमचं काहीतरी मोठं निघेल. काका लोक दर गणपतीला त्यावर भांडायचे. मोडी म्हणजे कशी, आधी आडवी रेघ ओढून घ्यायची आणि त्याखाली अक्षरं सरसर, हात न उचलता, दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही, त्यामुळे छापील तक्ता पाठ झाला तरी खऱ्या कागदावर सुरुवातीला नुसत्या मुंग्या दिसतात. आठ महिने रोज एक पान गिरवून मला त्यातला पहिला शब्द लागला तो "सबब". जेवणाच्या सुट्टीत लागला, डब्यात भेंडी होती, मी मोठ्याने "सबब!" म्हणाले आणि शेजारच्या मॅडमना वाटलं मी त्यांना म्हणतेय, कारण त्या त्या दिवशी उशिरा आल्या होत्या.

काल रात्री पूर्ण वाचून झाला. सनद बिनद काही नाही. बैलासाठी चाळीस रुपये उसने घेतल्याचा रोखा आहे. आणि घेतलेले आमच्या पणजोबांनीच.

अर्धाकप

फेडले का?

पानसुपारी

तो कागद आमच्याच ट्रंकेत आहे म्हणजे फेडून परत मिळाला असावा, असं बाबा म्हणतात. काका म्हणतात पाठीमागे पण काहीतरी लिहिलंय ते वाच.